रिकाम्या खाटेची परीक्षा

सर मेले की आम्ही चहा प्यायला जायचो. एकदा मेले की ते लवकर उठत नसत, आणि ते मेलेले असताना आजूबाजूला कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या हॉस्पिटलात कुठलंही नवीन मशीन आलं की त्याची परीक्षा अशीच सुरू व्हायची. कंपनीचा माणूस खोकं उघडणार, वायरी जोडणार, स्क्रीन पुसणार आणि हात चोळत विचारणार, "सर, कोई पेशंट मिलेगा?" सर बूट काढायचे, चष्म्याची घडी करून तो खिशात ठेवायचे आणि खाटेवर आडवे व्हायचे. "मी आता मेलोय," ते सांगायचे. "तुमच्या मशीनला कळतंय का बघू."

नाटक म्हणून हसायला जावं तर हसू फुटायचं नाही. सर भूलतज्ज्ञ होते. जन्मभर माणसांना झोपवायचं आणि परत उठवायचं हाच धंदा, त्यामुळे या दोन्हींच्या मधली वाट त्यांना घरच्या जिन्यासारखी पाठ असावी. छाती हलायची बंद व्हायची. डोळे अर्धवट उघडे राहायचे आणि त्यांतलं बघणं निघून जायचं. हात तर आधीच बर्फाच्या पाण्यात बुडवून गार केलेले असायचे. चेहरा मुळातच जुन्या पुठ्ठ्याच्या रंगाचा होता. कंपनीची मुलं पहिल्यांदा बघायची तेव्हा दोन पावलं मागे सरायची. एकाने घाबरून "सर, आप उठिए ना प्लीज" म्हणत त्यांचे पाय धरले होते.

वॉर्डातल्या मावशींना हे अजिबात पटायचं नाही. त्या मालवणकडच्या, साफसफाई करता करता सगळ्या वॉर्डाची दृष्ट काढणाऱ्या. त्या मला म्हणायच्या, "अगो, मरणाची चेष्टा करू नये. एक दिवस त्यांका कोणतरी तिकडेच ठेवून घेतला म्हणजे?" मी हसायचे. पण सर उठून बसायचे तेव्हा आधी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघायचे, जणू कोण कोण शिल्लक आहे याची खात्री करून घेतायत. तेव्हा मावशींचं बोलणं हमखास आठवायचं.

सर निवृत्त झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांना याच कामासाठी ठेवून घेतलं होतं. नवीन मशीन पेशंटजवळ जाण्याआधी सरांकडून जायचं. ते हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर खोकं परत. मी हॉस्पिटलातली यंत्रं सांभाळणारी इंजिनिअर, त्यामुळे त्यांच्या हाताखाली. बाकीचे इंजिनिअर त्यांच्यापासून चार हात लांब असायचे. मी टिकले, कारण माझं डोकंही थोडं तिरपागडंच आहे.

त्यांच्या परीक्षा कुठल्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन सांगणारं एक चिमट्यासारखं यंत्र आलं होतं, दिसायला झकपक. सरांनी ते सोललेल्या केळ्याला लावलं. स्क्रीन थोडा वेळ विचारात पडला आणि मग आकडे दाखवू लागला. "केळं ठणठणीत आहे," सर म्हणाले. मग हॉस्पिटलच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या उत्तनच्या कोळणीला त्यांनी वर बोलावलं. सकाळपासून बर्फात हात घालून बसलेली बाई. तिच्या बोटाला लावलं तर मशीन गप्पच झालं, नुसत्या रेघा. "बाई, हे मशीन म्हणतंय तुम्ही मेलात," सरांनी सांगितलं. ती म्हणाली, "मेलेली बाय पापलेट कशी इकंल, डाक्टर? त्यालाच काय कल्लं न्हाय." सर इतके खूश झाले की त्यांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवून चहा पाजला. परदेशात पास झालेलं यंत्र आमच्या बाजारातल्या गार, काळ्या, मेंदी लावलेल्या बोटांवर पास व्हायला हवं, हा त्यांचा हट्ट होता. खोकं परत गेलं.

"मशीन खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "ते ऐकीव बोलतं. त्याला कोणी काय सांगितलंय ते आधी बघायचं."

शेवटची परीक्षा मात्र सगळ्या मशीनना एकच असायची. सर खाटेवरून उठायचे, सगळ्या वायरी तशाच ठेवायच्या, आणि रिकाम्या खाटेवर मशीन चालू करायचं. मग आम्ही दोघं बाजूला उभे राहून बघायचो. खाटेवर कोणी नसताना मशीन काय म्हणतं? चांगलं मशीन गप्प बसायचं. वाईट मशीन काहीतरी शोधून काढायचं. ते बघताना माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे, कारण रिकाम्या चादरीकडे तोंड करून यंत्र कोणाची तरी नाडी सांगत असायचं. मी एकदा विचारलं, "सर, एवढं काय त्यात? खाट रिकामी आहे हे आपल्याला दिसतंय की."

"आपल्याला दिसतंय म्हणूनच," ते म्हणाले. "खाट रिकामी आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यावर भरलेली खाट सोपवायची नाही."

मग ती पट्टी आली.

पातळ, करड्या रंगाची, गादीखाली सरकवायची. पेशंटला काही चिकटवायचं नाही, टोचायचं नाही. गादीतूनच ती श्वास आणि नाडी ओळखणार, आणि सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर प्रत्येक खाटेपुढे एक दिवा लावणार. हिरवा म्हणजे बरा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे हा पेशंट आता बिघडणार. नुसता बिघडलाय असं नव्हे, बिघडणार. कंपनीचा माणूस गुजराती होता, गोड बोलायचा. "सर, ये सीखता है. जितना आपके वॉर्ड में रहेगा, उतना होशियार बनेगा." मोठे डॉक्टर भारावले. सिस्टर कमी, पेशंट जास्त, आयसीयूत जागा सदाचीच अपुरी. त्यांनी सरांच्या निकालाची वाटही पाहिली नाही. मशीन डेमोवर असतानाच हुकूम निघाला, की आयसीयूतली जागा आधी लाल दिव्याला द्यायची.

आता आमच्या वॉर्डाची एक रीत सांगायला हवी. सिस्टरच्या टेबलाला लागून, कोपऱ्यात, एक खाट आहे. ज्याचं काही खरं नाही त्याला त्या खाटेवर आणायचं, म्हणजे सिस्टरची नजर राहते. आणि बरा होत आलेला माणूस खिडकीकडे. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे करतात. साहजिकच कोपऱ्यातल्या खाटेवर माणसं जास्त दगावतात. नातेवाइकांना हे कळत नाही, मावशींना कळतं. त्या खाटेची चादर बदलताना मावशी गादीखाली चिमूटभर मीठ ठेवायच्या. सरांनी ते पाहिलं होतं आणि मिठाने रीडिंग बदलत नाही याची खात्री करून राहू दिलं होतं.

पट्टी येऊन बरेच दिवस झाले होते. एका भर दुपारी, पेशंट जेवून पेंगत असताना, कोपऱ्यातल्या खाटेची घंटा वाजली. लाल दिवा. सिस्टर धावली आणि खाटेपाशी जाऊन तशीच उभी राहिली. खाट रिकामी होती. सकाळीच तिथला पेशंट गेला होता, चादर धुऊन कडक घातलेली होती. स्क्रीनवर मात्र श्वासाची रेघ चालली होती. हळू, खोल, थांबून थांबून.

मावशींनी हातातली बादली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. "मी सांगत होतंय," एवढंच त्या म्हणाल्या.

कंपनीचा माणूस घाईघाईने आला. त्याने खिडकीबाहेर वाकून पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. भिंतीच्या पलीकडे एसीचा कंप्रेसर होता, तो थांबून थांबून थरथरायचा. "वायब्रेशन है सर, बस." आम्ही कंप्रेसर बंद करून पाहिला, रेघ सपाट झाली. सगळ्यांना हायसं वाटलं. पण दिवा लालच होता. सर त्या दिव्याकडे बघत राहिले. "श्वासाचं समजलं," ते म्हणाले. "लाल का?"

तो माणूस परत खिडकीबाहेर वाकून बघू लागला.

दुसऱ्या दिवसापासून सर दुपारचे त्या खाटेवर जाऊन पडू लागले. मरायचे नाहीत, नुसते पडायचे, पेपर वाचत, शेंगदाणे खात. दिवा लाल. खिडकीकडच्या खाटेवर गेले की हिरवा. कोपऱ्यात आले की परत लाल. धडधाकट माणूस शेंगदाणे खातोय आणि त्याच्या खाटेपुढे 'हे आता जाणार' असा दिवा लागतोय, हे बघायला वॉर्डातले पेशंटसुद्धा उशा टेकून बसायचे. मला मात्र ते बघवायचं नाही. एकदा चहा द्यायला गेले तर ते हळूच म्हणाले, "पोरी, इथे पडलं ना की वाटतं, कोणीतरी आपल्यासाठी आधीच जागा धरून ठेवलीय." ते हे चेष्टेत बोलत नव्हते.

आणि त्याच आठवड्यात माझी आई वॉर्डात होती. न्यूमोनियातून उठत आलेली, म्हणून खिडकीची खाट. खाडीचा वारा यायचा. लग्नाआधी मिठागरावर राबलेली बाई ती. खाडीकडे बोट करून म्हणायची, "थय आमचं आगर हाय." दिवा पहिल्यापासून हिरवा. मीही येता जाता त्या हिरव्या दिव्याकडे बघून कामाला लागायचे.

त्या दुपारी तिने माझा हात धरला. "बाय, छातीवर मिठाची गोण ठेवल्यावानी वाटतंय. मना बरं न्हाय." हात गार होता. बोटाला वॉर्डातला जुना चिमटा लावला तर नुसत्या रेघा. मी ड्युटीवरच्या डॉक्टरला हाक मारली. पोरगा वाईट नव्हता, धावत आला, नाडी पाहिली, तोंड गंभीर केलं. पण आयसीयूत एकच जागा होती आणि कोपऱ्यात आदल्या रात्री आणलेले, आता सावरलेले एक आजोबा लाल दिव्याखाली बिस्किटं खात बसले होते. ती जागा त्यांच्या नावावर लागली होती. "मॅडम, तुमच्या आईचा बोर्ड ग्रीन आहे," तो म्हणाला. "मला पटतंय तुमचं, पण वरून ऑर्डर आहे. मी काय सांगू वरती?"

"ती तुझ्यासमोर आहे," मी ओरडले. "बोर्डाकडे काय बघतोस? तिच्याकडे बघ ना!"

सर शेजारच्या मोकळ्या खाटेवर मेलेले होते. दुसरं कुठलंसं यंत्र आलं होतं त्या दिवशी. मी ते विसरूनच गेले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत, फक्त ओठ हलले. "झोपलेल्या माणसाचे श्वास मी जन्मभर ऐकलेत. हा झोपेचा नाही." मग ते उठले, आणि पहिल्यांदाच आमच्यातलं कोण शिल्लक आहे ते न बघता सरळ आईजवळ गेले. तिच्या गळ्याखाली दोन बोटं ठेवली. आईने त्यांच्याकडे पाहिलं. मेलेला माणूस उठून आपल्यावर वाकलाय हे पाहूनही ती घाबरली नाही, यावरूनच मला कळलं की ती किती लांब गेली आहे.

"हिच्या खाटेला कोपऱ्याचा नंबर दे," सर मला म्हणाले.

"काय?"

"स्क्रीनवर. सेटिंगमध्ये. दोघांचे नंबर आपसात बदल. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी सिस्टरच्या टेबलाकडे धावले. नंबर बदलले. क्षणभर काहीच झालं नाही. मग आईपुढचा हिरवा दिवा पिवळा झाला, आणि पिवळ्याचा लाल. घंटा वाजली. तीच बाई, तोच श्वास, तीच गादी. फक्त नंबर कोपऱ्याचा. पलीकडे आजोबांचा दिवा बिस्कीट तोंडात असतानाच हिरवा झाला. डॉक्टर पोराने एकदा सरांकडे पाहिलं, काय ते समजला, आणि वरती फोन लावून ओरडला, "रेड आहे, खिडकी... नाही, कोपरा, कोपरा!" मग सगळेच धावले.

आईच्या फुफ्फुसात रक्ताची गाठ अडकली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी हे असं लिहू शकले नसते. ती वाचली. आजही आहे, सकाळी उठून माझ्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगते.

सरांनी अहवाल लिहिला. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच या मशीनला कळलं, आता ते कावळ्यालाच भितं. हे माणूस ओळखत नाही, खाट ओळखतं; आमच्या मावशींची भीती तेवढी त्याने शिकून घेतली आहे, मावशींची माया नाही." मोठ्या डॉक्टरांनी तो वाचला आणि पट्ट्या काढायला सांगितल्या.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पट्ट्या न्यायला कंपनीचा माणूस आला तो नाराज नव्हता, उलट खुशीत होता. त्याने लॅपटॉप उघडून सरांपुढे धरला. "देखिए सर, आप के ही वॉर्ड में इसने जान बचाई. कोनेवाला बेड, रेड, और पेशंट सचमुच क्रिटिकल. बिलकुल सही पकडा!"

सरांचा पुठ्ठ्यासारखा चेहरा पांढरा पडला. "ती त्या खाटेवर नव्हती," ते म्हणाले. "नंबर मी बदलायला लावला होता. पुसा ते."

"डेटा तो ऊपर चला गया, सर. अब सब जगह की मशीनें उससे सीखेंगी."

तो गेल्यावर सर कोपऱ्यातल्या खाटेच्या काठावर जाऊन बसले. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले आणि म्हणाले, "सर, माझी आई जिवंत आहे. तुम्हाला वाईट वाटतंय?"

"आईचं नाही वाटत," ते म्हणाले. "तिच्यासाठी परत करीन. पण मशीनच्या ऐकिवात आता माझं खोटंही गेलं ना. पुढे कुठेतरी कोणाची तरी आई खिडकीत असेल."

त्यानंतर सर कधी मेले नाहीत. मशीन आलं की खुर्चीवरून बघायचे, केळं लावायचे, रिकामी खाट बघायचे, पण स्वतः आडवे व्हायचे नाहीत. पुढे काम सोडलं. घरी एकटेच होते. मी सणासुदीला जायचे, ते मला शेंगदाणे द्यायचे.

यंदा ते आजारी पडले. त्यांच्या चुलतभावाने त्यांना बेव्हर्ली पार्कजवळच्या एका नव्या हॉस्पिटलात ठेवलं. मी भेटायला गेले तर ते खिडकीच्या खाटेवर होते, अगदी वाळलेले. गादीच्या कडेतून एक पातळ करडी पट्टी डोकावत होती. नाव वेगळं, स्क्रीन चकचकीत, पण मी ती ओळखली. उशाशी दिवा होता. हिरवा.

"खिडकी दिलीय," सर म्हणाले. आवाज जेमतेम येत होता. "मी ठणठणीत आहे."

मी सिस्टरशी भांडले. सरांकडे बघा, दिव्याकडे बघू नका, म्हणाले. ती बिचारी हसून म्हणाली, "बघतो ना मॅडम, पण आजोबा ग्रीन आहेत." सरांनी मला हाताने खुणावून गप्प केलं आणि जवळ बोलावलं. "हे माझं जायचंच आहे, त्याला कोणी काही करणार नाही. तू एक कर. शेवटची परीक्षा घे. मी आता उठून बाजूला उभा नाही राहू शकणार."

मला कळलं ते काय म्हणतायत. मी मान हलवली.

दोनच दिवसांनी दुपारी त्यांच्या भावाचा फोन आला. मी पोचले तेव्हा त्यांना खाली शवागारात नेलं होतं. भाऊ कागदपत्रांत अडकला होता. खोलीत कोणी नव्हतं. चादर तशीच होती, मधोमध एक खळगा. चष्मा घडी करून उशीशेजारी ठेवलेला.

दिवा हिरवा होता. स्क्रीनवर श्वासाची रेघ चालली होती. हळू, खोल, थांबून थांबून.

मी त्यांनी शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. खिडकीबाहेर पाहिलं, कंप्रेसर नव्हता. पंखा बंद होता. भिंतीला कान लावला. जमिनीवर हात ठेवून बघितलं. काही थरथरत नव्हतं. कारण असणारच, ते सापडायला हवं होतं. पण खरं सांगते, एवढं पाहून मी शोधायचं थांबवलं. खाटेजवळ उभी राहिले आणि ती रेघ बघत राहिले. ते असेच तर पडायचे, छाती न हलवता. आता उठतील, आमच्यातलं कोण शिल्लक आहे ते बघतील, आणि म्हणतील, कळलं नाही ह्याला, परत पाठवा. मला ते मशीन खरं बोलत असावंसं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

मी हात पुढे करून त्या खळग्यात ठेवला. गार होता.

दारातून सिस्टरचा आवाज आला. हातात औषधांचा ट्रे, नजर बाहेरच्या बोर्डाकडे. ड्युटी नुकतीच बदलली असावी. "मॅडम, पेशंट बाथरूमला गेलेत का? की आहेत खाटेवर? इथे ग्रीन दाखवतंय."

मी खळग्यातला हात काढून घेतला. हे सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "खाट रिकामी आहे."